कुऱ्हाड की करवत? – सॅकमधल्या सहाशे ग्रॅमचा हिशेब

दिवाळीनंतरच्या ट्रेकची यादी नोटिस बोर्डावर लागली की हॉस्टेलवर दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे उसनी सॅक मागणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात. दुसरी म्हणजे 'कुऱ्हाड कोण आणणार?' यावरून मेसमध्ये वाद रंगतो. कुणी म्हणतो, गावाकडून कोयता आणतो. कुणी म्हणतो, वर्कशॉपमधली हॅकसॉ दोन दिवसांसाठी मागून घेऊ. एखादा हौशी गडी नेटवर पाहिलेली चकचकीत विलायती कुऱ्हाड मोबाईलवर फिरवतो आणि सगळे 'वा!' म्हणतात.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षं आमच्या ट्रेक ग्रुपचं सामान लावायचं काम माझ्याकडे आहे. सामान लावणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. ती म्हणजे प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी खांद्यावर चढते. म्हणून 'कुठल्या कंपनीची घेऊ?' या प्रश्नाच्या आधी 'कशासाठी घेऊ?' हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचं उत्तर आपल्या फर्स्ट इयरच्या पुस्तकांतच आहे.

लाकूड म्हणजे काड्यांची पेंढी

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीत एकाला एक चिकटून उभे असतात. ऊस आठवा. उभा सोलायला दातही पुरतात, पण आडवा तोडायचा तर कोयता लागतो. लाकडाचंही तसंच आहे. तंतूंच्या दिशेने ते थोड्या जोरात फाटतं, पण आडवं कापायचं तर एकेक तंतू तोडावा लागतो. एकाच पदार्थाची ताकद दिशेप्रमाणे बदलते, हे मटेरियल सायन्सच्या सरांनी शिकवलेलं इथे कामाला येतं.

यावरून कामाची वाटणी सरळ आहे. आडवं कापायचं काम करवतीचं, उभं फोडायचं काम कुऱ्हाडीचं. दोघींना एकमेकींची कामं सांगितली की घाम निघतो.

एक साधा हिशेब करू. 8 सेंमी बाय 8 सेंमी जाडीचं लाकूड कुऱ्हाडीने आडवं तोडायचं आहे. दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच घ्यायची, प्रत्येक खाच 4 सेंमी खोल आणि तोंडाशी 4 सेंमी रुंद. दोन्ही खाचांचं मिळून घनफळ होतं 128 घन सेंमी. एवढ्या ढलप्या काढाव्या लागतील. करवतीच्या खाचेची रुंदी 2 मिमी धरली तर भुसा पडेल 12.8 घन सेंमी. म्हणजे बरोबर दहावा हिस्सा! आता भुसा करायला ढलपीपेक्षा दर घन सेंमीला जास्त ऊर्जा लागते हे खरं, त्यामुळे मेहनत दहा पटींनी कमी होते असं मी म्हणणार नाही. पण मनगटाएवढी वाळकी फांदी कापताना करवतच सोपी पडते, हे हाताला लगेच समजतं. शिवाय करवतीचा आवाज कमी आणि ढलपी उडून डोळ्यात जायची भीती नाही.

करवत निवडताना

हॅकसॉचा विषय आधी संपवू. ती धातूसाठी आहे. तिचे दात इंचाला 18, 24 किंवा 32 असतात. लाकडाचा भुसा त्या बारीक दातांच्या फटीत क्षणात भरतो आणि मग ब्लेड नुसतं घासत राहतं. ती वर्कशॉपमध्येच राहू द्या, इन्स्ट्रक्टर सरांचा आशीर्वादही मिळेल.

आपल्याला हवी ती बागकामाची मिटणारी करवत, म्हणजे फोल्डिंग सॉ. पातं 18 ते 24 सेंमी, वजन 200 ते 300 ग्रॅम. स्वीडिश बाहको कंपनीची लॅपलँडर नावाची करवत या जातीतली जगभर माहीत असलेली. पातं 19 सेंमी, इंचाला 7 दात, वजन 200 ग्रॅमच्या आसपास. पण नावापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, ती ओढताना कापते का? सुताराची नेहमीची करवत ढकलताना कापते. ढकलताना पात्यावर दाब येतो आणि पातळ पातं दाबाखाली वाकतं. ऑयलरचं बकलिंग आठवा. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून ढकलायची करवत जाड ठेवावी लागते. ओढताना मात्र पात्यात ताण असतो आणि ताणात पातळ पातंही सरळ राहतं. जपानी करवती एवढ्या पातळ असतात त्या याच कारणाने. पातं पातळ म्हणजे खाच अरुंद, भुसा कमी आणि वजनही कमी.

दुसरी गोष्ट, दात. इंचाला 6 ते 8 दात आपल्या कामाला ठीक. ओल्या लाकडाला मोठे दात, वाळलेल्या कठीण लाकडाला थोडे बारीक. दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतील तर खाच पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही.

तिसरी गोष्ट, लॉक. उघडल्यावर पातं पक्कं अडकलंच पाहिजे. दुकानातच उघडून हलवून बघा. खडखडत असेल तर परत ठेवा, कारण ते पातं तुमच्याच बोटांवर मिटणार आहे. दातांची टोकं काळी-निळी दिसली तर ती उष्णतेने खास कडक केलेली आहेत असं समजा. ती जास्त दिवस टिकतात, पण कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. पातं बदलावं लागतं.

वापरताना बीमचा धडा विसरू नका. फांदी दोन दगडांवर ठेवून मधे कापली तर वरच्या बाजूला दाब येतो, खाच मिटते आणि करवत चिमटते. तीच फांदी एका दगडावर ठेवून पुढे आलेलं टोक कापा. वर ताण येतो आणि खाच आपोआप उघडत जाते. परीक्षेत चार मार्कांना येतं ते इथे पातं वाचवतं.

कुऱ्हाड निवडताना

छोटी हातकुऱ्हाड म्हणजे 30 ते 40 सेंमी दांडा आणि 450 ते 700 ग्रॅमचं डोकं. यापेक्षा हलकी घेतली तर ती नुसती लाकडावरून उडते. गणित असं: समजा 600 ग्रॅमचं डोकं सेकंदाला 8 मीटर वेगाने आलं, तर गतिज ऊर्जा झाली 19 ज्यूलच्या वर थोडी. घरची मोठी कुऱ्हाड, डोकं दीड किलो, लांब दांड्यामुळे वेग समजा 12 मीटर, तर ऊर्जा 108 ज्यूल. पाचपटीहून जास्त फरक! म्हणून हातकुऱ्हाडीकडून ओंडका फोडायची अपेक्षा करू नका. मनगटाएवढं लाकूड उभं चिरून आतला कोरडा गाभा काढणं, एवढंच तिचं काम. पावसाळ्यात हे काम मोलाचं असतं, कारण बाहेरून भिजलेलं वाळकं लाकूड आतून बरेचदा कोरडं सापडतं.

पात्याचा कोन पाहा. पाचर जितकी निमुळती तितका बाजूला ढकलणारा जोर जास्त. घर्षण सोडून दिलं तर 20 अंशाची पाचर आपण लावलेल्या जोराच्या सुमारे 2.8 पट जोर प्रत्येक बाजूला देते, 30 अंशाची 1.9 पट. पण फार निमुळतं पातं अडकतं आणि त्याची धार लवकर मोडते. धारेशी 25 ते 30 अंश हा मधला मार्ग.

आपल्याकडे यासाठी विलायतेला जायची गरज नाही. तालुक्याच्या बाजारात लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयते-कुऱ्हाडी घडवतात. तो पाटा सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टील असतो आणि नीट पाणी पाजलं तर धार छान धरतो. पाणी पाजल्यानंतर पुन्हा थोडं तापवून कडकपणा उतरवला नाही, तर धारेचे टवके उडतात. आपल्या पुस्तकातलं टेम्परिंग ते हेच. कानस धारेवर हलकेच फिरवून बघा. थोडी चावली तर ठीक, काचेसारखी घसरली तर पातं जास्तच कडक आहे, आणि लोण्यासारखी उतरली तर फारच मऊ.

दांडा बाभळीचा किंवा धामणीचा चांगला. लाकडाच्या रेषा दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मधेच तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. उन्हाळ्यात दांडा आकसतो आणि डोकं ढिलं होतं. बरेच जण कुऱ्हाड बादलीत भिजत ठेवतात. त्याने तेवढ्यापुरती घट्ट होते, पण फुगलेले तंतू भोकात दबून चेपतात आणि वाळल्यावर ती आधीपेक्षा ढिली होते. खरा उपाय म्हणजे नवी पाचर.

आणि कोयता? झुडपं साफ करायला आणि काटक्या तोडायला कोकणच्या कोयतीसारखं हत्यार नाही. पण ती हयातभर वापरणाऱ्या हातात शोभते, एका वीकेंडच्या हातात नाही.

लहान म्हणजे सुरक्षित नव्हे

हा भाग ज्युनिअर मंडळींनी दोनदा वाचावा. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुतेक वेळा जमिनीत रुतते. आखूड दांड्याची चुकली तर तिचं वर्तुळ लहान असल्यामुळे ते थेट आपल्या नडगीवर किंवा गुडघ्यावर संपतं. 'आपल्याच पायावर कुऱ्हाड' हा वाक्प्रचार हातकुऱ्हाडीला अक्षरशः लागू पडतो. गडावरून जखमी मुलाला खाली आणायला सहा जण आणि कित्येक तास लागतात, आणि तोवर रक्त थांबत नाही.

म्हणून नियम असे. हातकुऱ्हाड नेहमी गुडघ्यावर बसून चालवायची, खाली जाड लाकूड हवंच. दोन हात अंतरात कुणी उभं राहायचं नाही. अंधारात आणि दमल्यावर हत्यार हातात घ्यायचं नाही. फोडायचं असेल तर पातं लाकडावर टेकवून मागून दुसऱ्या लाकडाने ठोका. पातं हवेत फिरवायची गरजच राहत नाही. आणि एसटीत चढण्यापूर्वी धारेवर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा ताणून बांधा.

आता खरा प्रश्न

एवढं सगळं लाकूड आपल्याला हवंय कशाला? आठ जणांच्या चहासाठी दोन लिटर पाणी 25 अंशांपासून उकळायला सुमारे 630 किलोज्यूल लागतात. वाळक्या लाकडात किलोला साधारण 15 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तीन दगडांच्या चुलीत दहावा भाग भांड्याला मिळाला असं धरू. म्हणजे अर्धा किलोहून कमी लाकूड! ते अंगठ्याएवढ्या वाळक्या काटक्यांतून भागतं, आणि त्या हाताने मोडतात. उलट 230 ग्रॅमच्या गॅस कॅनमध्ये दहा मेगाज्यूलच्या वर ऊर्जा असते. निम्मी वाया गेली तरी तेवढंच पाणी आठ वेळा उकळतं.

मग कुऱ्हाड जाते ती शेकोटीसाठी, आणि शेकोटीला अंत नाही. सुट्टीच्या एका रात्री गडावर दहा ग्रुप असले आणि प्रत्येकाने एक फांदी तोडली, तर चार-पाच हंगामांत माथा बोडका होतो. कायदाही स्पष्ट आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात झाड तोडणं, विस्तव करणं, लाकूड उचलून नेणं हे गुन्हे आहेत. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना इथे अभयारण्यं आहेत. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, परवानगीशिवाय हत्यार आत नेता येत नाही, आणि त्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते. राजगड, साल्हेर, लोहगड हे तर 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपण तिथे पाहुणे आहोत.

म्हणून आमच्या ग्रुपचा नियम मी इथे मांडतो. अंगठ्याएवढं लाकूड हाताने मोडा. मनगटाएवढं करवतीने कापा, तेही फक्त जमिनीवर पडलेलं वाळकं आणि जिथे परवानगी आहे तिथेच. मांडीएवढं जिथे आहे तिथे राहू द्या, त्यात विंचवापासून वाळवीपर्यंत सगळ्यांचे संसार असतात. अभयारण्यात आणि गडावर स्टोव्ह, बाकी काही नाही. पायथ्याच्या गावात मुक्काम असेल तर सरपण गावातूनच विकत घ्या. मावशी-काकांकडे ते फोडून रचलेलं असतं, त्यांना दोन पैसे मिळतात आणि आपल्याला शिळोप्याच्या गप्पा.

तेव्हा आठ जणांच्या ग्रुपला एक चांगली करवत पुरे. हातकुऱ्हाड घ्यायचीच असेल तर स्वतःच्या शेतावरच्या किंवा परवानगी असलेल्या कॅम्पसाठी घ्या, आणि ती चालवणारा माणूस आधी ठरवा. बाकीच्यांनी ते सहाशे ग्रॅम पाण्याच्या बाटलीला द्यावेत. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' अशी म्हण आपल्याकडे आहेच. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या आपण पोरांनी तो दांडा होऊ नये, एवढंच.