वायर ओढण्याआधी

चाकूर

चि. बाळू यास,


आखाड्यावर पत्र्याचं शेड उभं राहिलं, हे वहिनींकडून कळलं. कडबाकुट्टी मशीन आणि दोन बल्बांपुरती घरातून सर्व्हिस वायर टाकतो, पेरणी झाल्यावर कायमचं बघू, असं तू म्हणतोस. पेरणीमागून सोयाबीनची काढणी येईल, मग तूर. आपल्याकडची तात्पुरती वायर वर्षानुवर्षं लोंबकळत राहते. म्हणून ती पहिल्याच दिवशी नीट टाक.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. मशीनच्या बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंगचा रोध 20 ओहम असला, तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. 16 अँपिअरची एमसीबी पडायचीच नाही, आणि मशीन, पत्रा, दावणीची साखळी, सगळ्यात करंट खेळत राहील. म्हणून घराच्या बोर्डात, वायर निघते तिथेच, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसव. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते. तेवढी तफावत दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाब. पडली नाही तर त्याच दिवशी बदल.

ती सारखी पडते म्हणून काही जण तिला बगल देऊन सरळ जोडतात. पडते म्हणजे कुठेतरी करंट गळतो आहे, तो शोधायचा.

दुसरं, बल्बाची एक तार फेजला आणि दुसरी जमिनीतल्या सळईला, हा उद्योग आपल्या शिवारात सर्रास चालतो. तू करू नकोस. त्या सळईभोवतालची ओली जमीन करंट धरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर पडतात, त्यामुळे दोन्हींमधल्या व्होल्टेजच्या फरकाने त्याच्या अंगातून करंट जातो. माणूस झटका खाऊन वाचतो तिथे जनावर जागेवर पडतं. शिवाय आरसीसीबी असली की हा बल्ब लागतच नाही, आणि लोक मग बल्बाऐवजी तिलाच काढतात.

सर्व्हिस वायरीत दोनच तारा असतात, अर्थिंगला तारच नाही. तू तीन कोअरची, अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची केबल घे. तिसरी तार मशीनच्या बॉडीला, शेडच्या लोखंडी सांगाड्याला आणि शेडजवळच्या अर्थिंगला जोड. आपली काळी माती वैशाखात भेगाळते आणि सळईपासून सुटते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला सालगड्याला सांगून ठेव. केबल पत्र्याच्या धारेवरून, कुंपणाच्या तारेवरून नेऊ नकोस. जाड पाइपात घालून दोन फूट खोल गाड, नांगर लागणार नाही अशा बांधाकडेने. वरून न्यायचीच असेल तर जीआय तारेच्या आधाराने, कडबा भरलेली ट्रॉली खालून सहज जाईल इतकी उंच. मधे जोड नको.

पोलवर आकडा टाकायचं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 135 खाली तुरुंग होऊ शकतो, आणि पावसात तो आकडा निसटून कुणावर पडेल ते सांगता येत नाही. घरचा मंजूर भार मशीनला पुरत नसेल तर महावितरणकडे भार वाढवून माग.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घे. मशीनची मोटर किती एचपीची आहे ते तिच्या पट्टीवर वाचून मला फोन कर, म्हणजे एमसीबी आणि केबल दोन्ही मी इथून बघून ठेवतो. तोवर ओल्या हाताने खटक्याला कुणी शिवू नये, एवढं लेकरांना बजावून ठेव.

तुझा,
काका