ट्रकचे चाक हाती घेण्यापूर्वी

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतला माल चिल्हार फाट्यावरून अहमदाबाद महामार्गाला लागतो. पालघर-बोईसरच्या ज्या तरुणांना या लांब पल्ल्याच्या धंद्यात यायचे आहे, त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली लायसनची. ट्रकसाठी वय 20 पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जुने हवे. तारापूरला रसायनांचे कारखाने पुष्कळ. धोकादायक माल न्यायचा तर 3 दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

दुसरी हिशेबाची. पगार वेगळा, वाटखर्ची वेगळी. समजा, 9,000 रुपये खर्ची मिळाली आणि जेवण, पंक्चर, हमालीत 7,500 गेले. उरलेले 1,500 कुणाचे? परतीच्या भाड्यासाठी गाडी चार दिवस उभी राहिली तर भत्ता कोण देणार? हे निघण्यापूर्वीच ठरवावे. उचल तारखेसह वहीत लिहून मालकाची सही घ्यावी.

व्यापारी बांधवांनीही आलेली गाडी लवकर खाली करून द्यावी. फेरीवर कमावणाऱ्या ड्रायव्हरचा आपल्या दारात खोळंबलेला दिवस त्याच्या कमाईतून जातो.