लॅपटॉपचा लपंडाव : कधी सुरू, कधी बंद

मार्चअखेरची सायंकाळ. वर्षाचा हिशेब पूर्ण करण्यासाठी दुकानदार लॅपटॉपचे बटण दाबतो. दिवा लागतो, पंखा क्षणभर फिरतो. पडदा मात्र काळाच राहतो. तीन-चार प्रयत्नांनंतर यंत्र अचानक सुरू होते, काम उरकते आणि तक्रार विसरली जाते. चूक होते ती येथेच. कायमचे बंद पडलेले यंत्र निदान दुरुस्तीला तरी जाते. अधूनमधून रुसणारे यंत्र मात्र तंत्रज्ञापुढे नेमके सुरळीत चालते आणि ऐन निकडीच्या दिवशी दगा देते.

म्हणूनच असे यंत्र पुन्हा सुरू झाले की पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, तर प्रती काढण्याचे असते. हिशेबाच्या फाइली, करविषयक कागदपत्रे व छायाचित्रे त्याच बैठकीत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत. विंडोजमध्ये बिटलॉकर कार्यान्वित असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर सुरक्षित ठेवावी. ती नसेल तर दुरुस्तीनंतर स्वतःचीच माहिती कुलूपबंद होऊ शकते.

दुसरे काम नोंदीचे. तारीख, वेळ, चार्जर जोडलेला होता की नाही, यंत्र थंड होते की तापलेले आणि ते नेमके कोठे अडले, हे एका वहीत लिहावे. अडण्याचे स्थान तीन प्रकारचे असते.

१. दिवाच लागत नाही : संशय वीजपुरवठ्यावर. चार्जर, त्याची पिन, बॅटरी किंवा बटण सदोष असू शकते. चार्जर काढून बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. नंतर एकदा केवळ बॅटरीवर व एकदा चार्जर जोडून पाहावे. पर्यायी चार्जर वापरताना व्होल्टेज मूळ चार्जरइतकेच हवे. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालते.

२. दिवा लागतो, पडदा काळा : लॅपटॉप एचडीएमआय केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडावा. तेथे चित्र दिसल्यास दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये असण्याची शक्यता अधिक. तेथेही चित्र न दिसल्यास रॅमची बैठक सैल झालेली असू शकते. ठराविक ‘बीप’ किंवा दिव्याची उघडझाप झाल्यास ती मोजून लिहावी. ती निर्मात्याची सांकेतिक भाषा असते.

३. बोधचिन्ह येते आणि यंत्र थबकते : डिस्क किंवा विंडोज तपासावे. ‘शट डाउन’नंतर अडचण येते, पण ‘रीस्टार्ट’नंतर येत नाही, असे दिसल्यास ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करून पाहावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यातील बिघाडही सोबत येऊ शकतो.

रोखीच्या ताळ्यात फरक आल्यास एकेक व्हाउचर तपासावे लागते. येथेही एका वेळी एकच बदल करावा व आठवडाभर निरीक्षण करावे. चार्जर, रॅम व विंडोज एकाच दिवशी बदलल्यास यंत्र सुरू होईलही. परंतु दोष कोणता होता, हे कळणार नाही आणि खर्च मात्र तिन्हींचा होईल.

बॅटरी फुगून टचपॅड किंवा तळ उचलला गेल्यास सर्व प्रयोग थांबवावेत. लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. तिला टोचू वा दाबू नये. हमीकाळातील यंत्र स्वतः उघडू नये. बँकेच्या मालकीचा लॅपटॉप असल्यास कर्मचाऱ्यांनी तो थेट माहिती-तंत्रज्ञान विभागाकडेच सोपवावा.

यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये साठवलेले नेट बँकिंगचे पासवर्ड पुसावेत. यंत्र सुरूच होत नसल्यास दुसऱ्या सुरक्षित संगणकावरून ते बदलावेत. पिन व ओटीपी दुरुस्तीसाठी कधीही लागत नाहीत. तंत्रज्ञाला द्यावयाचे ते केवळ यंत्र आणि नोंदींची वही. ‘कधी कधी सुरू होत नाही’ या मोघम तक्रारीपेक्षा ‘दहा दिवसांत चार वेळा, चारही वेळा सकाळी, चार्जर जोडलेला असताना’ ही नोंद त्याला दोषाजवळ लवकर नेते.