थिजलेला मध आणि साखरेचा दाणा



थंडी पडली की आमच्या विभागाकडे तोडीच्या पाळीबरोबर एक निराळीच तक्रार येते. "साहेब, मधाच्या बरणीत तळाला साखर बसली, फसवलं आम्हाला!" हा समज इतका पक्का आहे की लोक चांगला मध परत करतात, आणि पेट्या सांभाळणाऱ्या घराचा वर्षाचा माल पडून राहतो. म्हणून उसाचा विषय सोडून हे चार शब्द.

मधात मुख्यतः दोन साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पाणी चांगल्या मधात विसाव्या हिश्श्याच्या चौपटीपेक्षा, म्हणजे 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसते. एवढ्याशा पाण्यात सगळे ग्लुकोज विरघळून राहू शकत नाही, ते दाणा धरते. सूर्यफूल किंवा मोहरीच्या फुलोऱ्याचा मध लवकर थिजतो, कारण त्यात ग्लुकोजचे प्रमाण जास्त. थिजला म्हणून भेसळ आणि पातळ राहिला म्हणून शुद्ध, या दोन्ही कसोट्या खोट्या. खरी खात्री प्रयोगशाळेतच होते.

आता आपल्या कारखान्याचा पॅन आठवा. पाक आटून जरुरीइतका दाट झाला की पॅनमन त्यात साखरेची बारीक वाटलेली भुकटी सोडतो. प्रत्येक कणाभोवती साखर जमते आणि दाणा एकसारखा येतो. बीज न देता दाणा आपोआप पडू दिला तर बारीक-मोठा सगळा गोंधळ होतो. मधाचेही अगदी तसेच आहे. बरणीत आपोआप थिजलेला मध खरखरीत लागतो. दाणा बारीक ठेवला तर तोच मध लोण्यासारखा होतो. एम-30 आणि एस-30 ही एकच साखर, फरक दाण्याचा, तसेच हे.

ही युक्ती शास्त्रशुद्ध करून मांडली एल्टन डाइस यांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी हे काम केले आणि 1935 साली त्याचे पेटंट मिळाले. कॅनडा-अमेरिकेत मधपाळांची घरेच्या घरे आज असा 'क्रीम' मध विकतात. नाव क्रीम, पण त्यात दुधाचा थेंब नसतो!

घरची परंपरा आपल्याकडेही आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथे सातेरी माशी पाळणे हा घरोघरचा धंदा. पूर्वी पोळे हाताने पिळून मध काढीत. पिळलेल्या मधात मेणाचे, परागाचे कण राहतात आणि त्या कणांवरच दाणा धरतो. मधयंत्राने काढून नीट गाळलेला मध जास्त दिवस पातळ राहतो.

करून पाहायचे असेल तर एक किलो गाळलेला मध घ्या. भांडे थेट चुलीवर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. डाइस यांच्या रीतीत मध 66 अंशांपर्यंत थोडाच वेळ तापवून लगेच निववतात. त्याने जुने दाणे विरघळतात आणि आंबवणारे किण्व मरते. थर्मामीटर नसेल तर या भानगडीत पडू नये, जास्त तापला की मधाचा वास आणि गुण दोन्ही जातात. मध 24 अंशांवर आला की 100 ग्रॅम बारीक दाण्याचा थिजलेला मध बीज म्हणून हळूहळू मिसळा. बीज खरखरीत असेल तर आधी खलात घोटून घ्या, कारण बीज जसे तसाच सगळा माल होणार. ऊस लावताना बेणे निवडायला आम्ही सांगतो, ते काही उगाच नाही. ढवळताना हवा कोंडू देऊ नये. मग बरणी 14 अंशांच्या आसपास आठवडाभर ठेवावी. फ्रिजच्या जास्त गार कप्प्यात दाणा सावकाश धरतो.

पातळ मधाचा मात्र हा प्रयोग करू नका. ग्लुकोज दाण्यात गेले की उरलेला पाक आणखी पातळ होतो आणि मध आंबतो. सातेरीचा मध पुष्कळदा पातळ असतो, तेव्हा पोळ्याचे घर मेणाने झाकले गेल्यावरच मध काढावा. पाणी 18 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम.

आणि हो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताही मध चाटवू नये, थिजलेला नाही की पातळ नाही.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात हा मध मऊ पडून वर पाक सुटतो. म्हणून मार्गशीर्ष-पौषात करावा आणि उन्हाळ्यापूर्वी संपवावा किंवा विकावा. बरणीवर 'थिजवलेला मध' असे ठळक लिहा, म्हणजे गिऱ्हाईक परत आणणार नाही.