बंदी संपली, पण गाडी सेल्फ घेत नाही? आधी हे वाचा



आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. जाळी घरात, आणि पिकअपही बहुतेक वेळ दारात उभी. मग बंदी उठली की पहिल्याच पहाटे रोहू-कतला बर्फात भरून नागपूरला निघायचं, आणि चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’! बाजार कोणासाठी थांबत नाही. बर्फ वितळतो आणि भाव पडतो.

म्हणून पहिली गोष्ट: पेटीचं झाकण सारखं उघडू नका, पेटी सावलीत ठेवा. अर्ध्या तासात गाडी सुरू झाली नाही तर माल दुसऱ्या गाडीने पाठवा. बॅटरी नंतरही बघता येते.

दोष कुठे आहे?
• आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. ढिलं असेल तर आवळा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर तार काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसून परत लावा.
• हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी उतरली आहे. लाइट तेजच राहिला तर सेल्फ किंवा वायरिंग दाखवा.
• इंजिन भरभर फिरतं पण पेटत नाही? मग बॅटरी ठीक आहे, डिझेल तपासा.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना
1. दोन्ही गाड्या बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका.
2. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
3. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला. तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, जवळ ठिणगी पडली तर भडका उडतो. बिडी-सिगारेट लांबच.
4. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा.
5. सुरू झाली की वायरी उलट क्रमाने काढा.

सांभाळा: छिंदवाडा-नागपूर रस्त्यावर मदतीला ट्रक थांबतो, पण मोठ्या ट्रकला बऱ्याचदा 24 व्होल्ट असतात. आपली पिकअप 12 व्होल्टची. ती जोडली तर वायरिंग जळेल. आधी विचारा, मगच जोडा. धक्का मारून जुनी गाडी दुसऱ्या गिअरवर सुरू होते, पण नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर आणि पंप करंटवरच चालतात. बॅटरी पूर्ण मेली असेल तर नुसता घाम जातो.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. गावातल्या गावात फिरून ती भरत नाही, चार्जरवर लावा. बंद गाडीत मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 14 दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर डायनॅमो आणि त्याचा बेल्ट दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

पुढच्या बंदीआधी एवढं करा
बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसची तार काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर कडक थर बसतो, मग ती पूर्ण भरत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, ते डिस्टिल वॉटरनेच भरा, बोअरचं नको. आणि तळ्यावर रात्री बल्ब लावायला गाडीची बॅटरी वापरू नका, त्यासाठी वेगळी ठेवा.

घरात गाडी जो चालवतो, त्याला हे नक्की वाचून दाखवा.