अंगठ्याचा ठसा आणि कुलूपबंद मजकूर

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या रेशन दुकानात तुम्ही पाहिले असेल : कार्डधारक यंत्रावर बोट ठेवतो आणि थोड्याच वेळात ओळख पटते. आपल्याच राज्यातील टेंभली (जि. नंदुरबार) येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांक देण्यास आरंभ झाला; त्या आधारच्या सर्व्हरकडे ठशाची माहिती जाते ती एक्सएमएल मजकुराच्या रूपात. वाटेत कोणी ती वाचली तर? कुलूप बदलता येते. बोट कसे बदलणार?

एक्सएमएल म्हणजे खुणा लावलेला साधा मजकूर. कणग्यांवर ‘ज्वारी’, ‘तूर’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात, तशी प्रत्येक माहितीच्या आधी व नंतर टोकदार कंसात तिचे नाव असते. मागणी कोणाकडून आली हे यंत्राला कळायला हवे, म्हणून सगळा कागद न झाकता नाजूक भागच गूढ करतात.

आता सी भाषेत एक प्रयोग करू. तीत ^ हे चिन्ह एक्सऑर क्रियेचे आहे : दोन बिटे सारखी असतील तर ०, वेगळी असतील तर १. इंग्रजीत लिहिलेल्या ‘नांदेड’चे पहिले अक्षर मोठा ‘एन’, त्याची संख्या ७८. चावी ११४ घेऊ.

०१००१११० (७८)
०१११००१० (११४)
००११११०० (६०)

उत्तराशी पुन्हा ११४ चा एक्सऑर घेतला की ७८ परत मिळतात. छान! पण ६० ही नेमकी उघडत्या टोकदार कंसाची संख्या आहे. वाचणाऱ्याला वाटेल, नवी खूण सुरू झाली. सगळा दस्तऐवज बिघडला. ‘लातूर’ची गंमत निराळीच. शेवटच्या छोट्या ‘आर’ची संख्या ११४च, म्हणून उत्तर शून्य. सी भाषेत शून्य म्हणजे मजकुराचा शेवट! स्ट्रलेन लांबी पाचऐवजी चार सांगेल. म्हणून लांबी वेगळी जपावी लागते.

कंसाच्या अडचणीवर उपाय बेस६४ : तीन बाइटांची २४ बिटे सहा-सहाच्या चार गटांत पाडून प्रत्येक गटाला ६४ निरुपद्रवी चिन्हांपैकी एक द्यायचे.

आपली चावी मात्र पोरखेळ आहे. ‘एन’चे ६० झाले एवढे कळले की ६० ^ ७८ = ११४, चावी चोराच्या हाती! म्हणून आधारमध्ये एईएस ही पद्धत असते, २५६ बिटांच्या चावीने, आणि चावी दर मागणीला नवी. ही चावी सर्व्हरपर्यंत न्यायची कशी? ती आरएसए पद्धतीने, प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक चावीने बंद करतात. उघडणारी खासगी चावी प्राधिकरणाकडेच असते. सगळा मजकूरच आरएसएने का बंद करीत नाहीत? ती मंद आहे, आणि एका वेळी २५६ बाइटांहूनही कमी मजकूर घेते.

मागणीत मग तीन पुडके जातात : बंद चावी, बंद माहिती आणि मूळ माहितीचा एसएचए-२५६ सारांश, तोही बंद. वाटेत एक बिट जरी बदलले तरी सारांश जुळत नाही.

हे सारे स्वतः रचण्याच्या भरीस पडू नका. सी भाषेसाठी ओपनएसएसएल आणि एक्सएमएलसेक ही तयार ग्रंथालये आहेत.

करून पाहा : ‘लातूर’च्या पहिल्या तीन इंग्रजी अक्षरांच्या संख्या ७६, ९७, ११६. त्यांचा ११४ शी एक्सऑर घ्या. पहिले उत्तर कोणते चिन्ह आहे? तिन्ही उत्तरांची बिटे सलग लिहून सहा-सहाचे गट पाडा. १५, ३३, १२, ६ यायला हवेत.