आभासी चलनावरील सोडत-कॅसिनो : लाभ-हानीचा हिशेब

संकेश्वर हे हुक्केरी तालुक्यातील, हिरण्यकेशी नदीकाठचे बाजाराचे गाव. पुणे-बंगळूर महामार्ग येथून जातो आणि आंबोली घाटातून बांद्याकडे, म्हणजे गोव्याच्या दिशेने जाणारा रस्ताही येथेच फुटतो. या एका नाक्याभोवती तीन राज्यांचे तीन निरनिराळे कायदे नांदतात. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीवर संपूर्ण बंदी घातली. गडहिंग्लजच्या बाजूस महाराष्ट्राची हद्द लागते. त्या राज्याने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन प्रथम तारांकित हॉटेलांतील यंत्रांना व नंतर जहाजांवरील कॅसिनोंना परवाने मिळू लागले.

पूर्वी नशिबाची परीक्षा पाहू इच्छिणाऱ्यास निदान ही हद्द ओलांडावी लागत असे. भ्रमणध्वनीने ती गरज संपविली. त्यातच अलीकडे ‘आभासी चलनावर चालणारा सोडत-कॅसिनो’ हा नवा प्रकार पुढे आला आहे. त्याची जाहिरात ‘जुगार नव्हे, मोफत सोडत’ अशी केली जाते. ऊसबिल, तंबाखूची पट्टी किंवा विडीकामाची मजुरी ज्या घरात मोजून खर्च होते, त्या घरातील तरुणाच्या हातात ही जाहिरात पोहोचते. यास्तव या प्रकाराचे गुणदोष शांतपणे तपासणे अगत्याचे आहे.

पद्धतीचे स्वरूप

या कॅसिनोत दोन प्रकारची नाणी असतात. पहिले ‘सुवर्ण नाणे’. ते विकत मिळते, परंतु केवळ खेळण्यापुरते असते. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. दुसरे ‘सोडत नाणे’. ते विकत मिळत नाही, असे सांगितले जाते. सुवर्ण नाण्यांच्या खरेदीबरोबर ते ‘भेट’ म्हणून येते. या भेटीच्या नाण्यांवर जिंकलेली रक्कम मात्र बक्षीस म्हणून वटविता येते. खरेदी व वटवणूक बँकेऐवजी बिटकॉइनसारख्या आभासी चलनात झाली, की तो आभासी चलनावरील सोडत-कॅसिनो होय.

ही रचना अमेरिकेत वाढली. तेथील कायद्यांत सामान्यतः तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जुगार मानला जातो : मोबदला, दैव आणि बक्षीस. त्यांपैकी मोबदला कागदोपत्री वगळण्यासाठी ‘खरेदी आवश्यक नाही’ असा नियम लिहिला जातो व टपालाने पत्र पाठविणाऱ्यासही काही सोडत नाणी दिली जातात. ही पळवाट तेथील राज्यांनाही मान्य राहिलेली नाही. २०२५ मध्ये मोंटाना व न्यू जर्सी या राज्यांनी दुहेरी नाण्यांच्या या प्रकाराविरुद्ध कायदे केले. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी संमत झालेला बंदीचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून अमलात आला.

सांगितले जाणारे लाभ

या पद्धतीच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. ते सर्वच खोटे आहेत, असे म्हणता येणार नाही.

(१) मोफत प्रवेश. प्रारंभी काही नाणी खरोखर विनामूल्य मिळतात. केवळ तेवढ्यावर खेळून थांबणाऱ्याचे पैसे जात नाहीत. तथापि भेटीची नाणी थोडी असतात व लवकर संपतात. पुढील नाणी खरेदीबरोबर येतात. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार होय.

(२) जलद व्यवहार. आभासी चलन बँकेच्या वेळेवर अवलंबून नसते. रक्कम थोड्या वेळात पोहोचू शकते. परंतु चुकीच्या पत्त्यावर गेलेली किंवा फसवून घेतलेली रक्कम परत बोलाविण्याची सोयही त्यात नाही. बँकेच्या व्यवहारात निदान तक्रार घेऊन जाण्यास एक शाखा असते.

(३) गुप्तता. नाव न सांगता खेळता येते, असे म्हटले जाते. अनेक ठिकाणी पैसे भरताना ओळख विचारीत नाहीत, परंतु बक्षीस मागताना ओळखपत्रे मागतात. म्हणजे गुप्तता भरण्यापुरती राहते. शिवाय घरच्यांपासून लपून राहते ती हानीच.

(४) पडताळता येणारा निकाल. हा मुद्दा सर्वांत विचारार्ह आहे. काही कॅसिनोंत डावापूर्वी निकालाचे बीज गणिती मोहोर करून बंद केले जाते व ती मोहोर खेळणाऱ्यास दाखविली जाते. डाव संपल्यावर बीज उघड होते आणि मोहोर जुळते की नाही, हे कोणालाही तपासता येते. मध्येच निकाल बदलला गेला नाही, याची खात्री त्यामुळे होऊ शकते. परंतु डाव सचोटीचा असणे आणि डाव फायद्याचा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

हिशेब काय सांगतो

रूलेट या खेळाच्या युरोपीय चक्रात ३७ घरे असतात. एका घरावर लावलेले १०० रुपये जिंकल्यास पणाच्या रकमेसह ३,६०० रुपये मिळतात. चक्र पूर्ण सचोटीचे असून ३७ डावांत प्रत्येक घर एकेकदा आले असे मानले, तर खेळणारा ३,७०० रुपये लावतो आणि त्यास ३,६०० रुपये मिळतात. शंभर रुपये चालकाकडे राहतात. कोणीही लबाडी केलेली नाही, नियमातच २.७ टक्के कपात आहे.

मटक्याच्या एकेरी आकड्यातही हेच गणित होते. आकडे दहा आणि एका रुपयास नऊ रुपये असा भाव. म्हणजे दर दहा रुपयांत एक रुपया चालकाचा.

यंत्रावरील खेळात परताव्याचे प्रमाण ९६ टक्के आहे, असे समजू. वरवर पाहता शंभरात चारच रुपये जातात. परंतु उरलेले पैसे खेळणारा पुन्हा लावतो, आणि दर फेरीस पुन्हा चार टक्के कपात होते. एक हजार रुपयांचे सरासरीने काय होते, ते असे :

एकदा पूर्ण रक्कम लावल्यावर : ९६० रुपये
दहा वेळा फिरविल्यावर : सुमारे ६६५ रुपये
पंचवीस वेळा फिरविल्यावर : सुमारे ३६० रुपये
पन्नास वेळा फिरविल्यावर : सुमारे १३० रुपये

दहा रुपयांचा एक डाव पाच सेकंदांत होतो असे धरले, तर पंचवीस फेऱ्यांस सुमारे सव्वादोन तास लागतात. ही सरासरी आहे. एखादा खेळाडू जिंकून उठतो, त्याचीच बातमी गावभर होते. हरलेले अनेक जण बोलत नाहीत. खेळाचा वेग जितका अधिक, तितकी कपात लवकर होते, हे ध्यानात ठेवावे.

चलनाची स्वतंत्र जोखीम

यात आभासी चलनाच्या भावातील चढउतारांची भर पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत गेला होता; वर्षभराने तो सुमारे १६,००० डॉलरवर आला. म्हणजे खेळात जिंकूनही पाकिटात हरणे शक्य असते. याखेरीज १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागू असून, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. ही बाब जाहिरातीत सांगितली जात नाही.

जुना दाखला, नवा कायदा

राज्याबाहेरून चालणाऱ्या अशा ‘स्पर्धा’ या भागाला नव्या नाहीत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळी बंगळूर येथे छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालत. साप्ताहिक म्हैसूर राज्यात छापले जाई. प्रवेशपत्रे व शुल्क मात्र मुंबई राज्यातील केंद्रांवर गोळा होई. मुंबई राज्याने १९५२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला. चालकांनी त्यास आव्हान दिले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात राज्याच्या बाजूने निर्णय दिला. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, आणि स्पर्धा बाहेरून चालत असली तरी पैसे जेथे गोळा होतात त्या राज्याशी तिचा पुरेसा संबंध आहे, असे न्यायालयाने मानले. बंगळूरच्या छापखान्याची जागा आज परदेशातील सर्व्हरने घेतली आहे आणि शुल्क गोळा करणाऱ्या केंद्राची जागा गावातील दलालाने. प्रश्न तोच आहे.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमात या प्रश्नाचे अधिक स्पष्ट उत्तर आहे. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसा किंवा ‘अन्य पण’ लावून धनलाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्यात निषिद्ध ठरविला आहे. पैसे देऊन प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे घेतलेली नाणी व टोकन यांचा ‘अन्य पण’ या संज्ञेत समावेश होतो. त्यामुळे नाण्याचे नाव बदलल्याने खेळाचे स्वरूप बदलत नाही. चालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अशा शिक्षांची तरतूद आहे. पैशांची ने-आण करून देणाराही दोषी ठरतो. दलालीच्या मोहाने मित्रांना सामील करून घेणाऱ्या व आपल्या खात्यातून त्यांचे पैसे फिरविणाऱ्या तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे. केवळ खेळणाऱ्यासाठी या अधिनियमात शिक्षा नाही. म्हणून फसलेल्याने तक्रार करण्यास भिऊ नये.

गावपातळीवरील कार्य

शिक्षकांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत संभाव्यता व शेकडेवारी शिकविताना वरील उदाहरणे फळ्यावर सोडवून घ्यावीत. नुसत्या उपदेशापेक्षा स्वतः केलेली वजाबाकी अधिक काळ स्मरणात राहते. ग्रामपंचायत व बचत गटांच्या बैठकांत तुलनेचा हिशेब मांडावा : दरमहा ५०० रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे भरले, तर व्याज सोडूनही ३०,००० रुपये हाती राहतात. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे व व्यवहाराचा पुरावा जपून ठेवावा. खेळाचे व्यसन जडलेल्यास दोष देत न बसता ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकाची माहिती द्यावी. कर्जाचा बोजा लपविणाऱ्या तरुणास घरच्यांनी विश्वासात घेणे, हे पहिले साहाय्य होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. विकत घेतलेल्या नाण्याबरोबर मिळालेले नाणे ‘मोफत’ म्हणता येईल काय?
२. परताव्याचे प्रमाण ९४ टक्के असल्यास १,००० रुपयांचे दहा फेऱ्यांनंतर सरासरी किती उरतील?
३. निकाल पडताळता येणे व लाभ होणे यांतील फरक उदाहरणाने सांगा.
४. आपल्या गावात अशी जाहिरात आल्यास मोबदला, दैव व बक्षीस या तीन कसोट्या लावून ती तपासा.